हरकत: नाही

विलार दे कोर्सा
३ नोव्हेंबर १९९७

चि. सेलियास,
झुलमिरा आत्याचे आशीर्वाद. अनेक नाहीत, मोजकेच.

इकडे सर्व ठीक. शेजारच्या अदेलिनोची गाय व्याली, चेस्टनट यंदा भरपूर आहेत, आणि काल प्रार्थनेनंतर चर्चच्या दारावर तुझ्या सहीचा कागद लागला. चष्मा पुसून दोनदा वाचला. आपल्या गावाने म्हणे एकमताने पगारी गुराखी ठेवायचं ठरवलंय, वरच्या कुरणाला तारेचं कुंपण घालायचं ठरवलंय, आणि घरोघरची शेळ्या राखण्याची पाळी बंद करायचंही ठरवलंय. तळाला रकाने: हजर घरं तेवीस. हरकत: नाही.

पोरी, सप्टेंबरातल्या त्या सभेला मी होते. तू पायरीवर उभी राहून विचारलंस की कुणाची हरकत आहे का. तेवीस घरं मान खाली घालून जमिनीकडे बघत राहिली. तू आभार मानलेस आणि वही मिटलीस. या गावात ज्याला पटतं तो बोलतो. 'आमचं घर येतं' म्हणतो, आणि काय घेऊन येतं तेही सांगतो, बैलगाडी, पहार, नुसते दोन हात. नकार मात्र कुणी तोंडावर देत नाही, कारण उद्या त्याच शेजाऱ्याच्या दारात काही मागायला जायचं असतं. मान खाली गेली की समजायचं. हे तुला दुधाचे दात पडायच्या आधी कळत होतं.

अदेलिनो म्हणाला की जाऊ दे, पोरगी विसरली असेल. मी म्हटलं, विसरायला ती काय लिस्बनची आहे? गावांनी आपला विकास आपणच ठरवावा असा युरोपचा कार्यक्रम, आणि तो चालवायला गावातल्याच मुलांना देशोदेशी नेऊन शिकवतात. छानच. परक्याला आमचं मौन समजलं नसतं, म्हणून घरचं माणूस नेमलं. त्याला समजतं, आणि तरी ते खोटं लिहितं.

दर वेळचं धुरावलेलं सॉसेज या वेळी पाठवलेलं नाही. तुझी हरकत आली नाही, तर ते पोहोचलं असं मी धरीन.

लोभाचं तुझ्या उत्तरानंतर बघू.
झुलमिरा

प्रशिक्षण केंद्र, फिनलंड
१२ नोव्हेंबर १९९७

ती. झुलमिरा आत्यास,
सा. न. वि. वि. नमस्कार वाकून केला आहे, कारण माझे गुडघे अजून वाकतात. तुझे वाकत नाहीत असं अदेलिनोची बायको कळवते. डोंगरावरून तू हल्ली बसून घसरत उतरतेस म्हणे.

इथे नऊ देशांचे आम्ही चौदा जण आहोत. तळं गोठलंय, जेवायला रोज माशाचं पांढरं सूप. बिर्गिट नावाच्या डॅनिश बाई शिकवतात. त्या म्हणतात की सभेत जो विरोध करत नाही त्याची संमती धरायची, नाहीतर खेड्यांत कधी काही घडणारच नाही. उठून सांगायला हवं होतं की आमच्याकडे उलटं आहे. सांगितलं नाही. सभेतही मला ठाऊक होतं. हो आत्या, ठाऊक होतं! चिकटव हेही चर्चच्या दारावर.

आणि का लिहिलं तेही वाच. नऊ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत बाबांची पाळी होती. बर्फ होतं, धुकं होतं, तरी गेले, कारण पाळी म्हणजे पाळी. शेळ्या वेळेवर परतल्या. बाबा परतले नाहीत. तुमच्या थोर सभेने दुसऱ्या दिवशी शिंग फुंकलं, सगळे जमले, आणि काय ठरवलं? पाळी एक दिवस पुढे ढकलायची. तेवीस घरांपैकी अकरा घरांत आता एकेकटं म्हातारं माणूस उरलंय, आणि त्या अकरांना तुम्ही काठी देऊन डोंगरावर धाडता. मी गुराखी आणतेय, तर मी खोटारडी. तुला तिथेच मरायचं असेल तर मर, पण त्याला गावाची रीत म्हणू नकोस.

सॉसेज पोहोचलेलं नाही. हरकत आहे.

रागावलेली, तरी तुझीच,
सेलिया

विलार दे कोर्सा
२१ नोव्हेंबर १९९७

चि. सेलियास,
आशीर्वाद मागच्या पत्रात दिले होते, त्यातच भागव.

अमांदिओ माझा भाऊ आधी होता, तुझा बाप नंतर झाला. तू शहरात परीक्षेला बसली होतीस, तेव्हा त्याला डोंगरावरून मी उतरवलाय, डोक्याकडची बाजू माझ्या खांद्यावर होती. तेव्हा त्याचं मरण काठीसारखं माझ्या अंगावर उगारू नकोस.

आता कान उघड. मी अठरा वर्षांची होते तेव्हा जुन्या राजवटीचे वनखात्याचे लोक याच पायरीवर उभे राहिले होते. त्यांनीही विचारलं की कुणाची हरकत आहे का. खांद्याला बंदुका होत्या. आम्ही मान खाली घातली. त्यांनी लिहून घेतलं की गाव राजी आहे, आणि कुरणात पाइन लावले. अर्धा कळप विकावा लागला, माणसं फ्रान्सला मजुरीला गेली, ती परत आलीच नाहीत. डोंगर परत मिळायला क्रांती व्हावी लागली. तुझ्या खांद्याला बंदूक नव्हती, वही होती. रकाना तोच!

या गावात मत जमिनीला नाही, पैशाला नाही, नवऱ्याला नाही. पाळीला आहे. जो शेळ्या नेतो तो बोलतो. मी लग्न केलं नाही, माझी जमीन एका चादरीखाली झाकेल. पण पाळी कधी चुकवली नाही, म्हणून वीस वर्षं सभेचं शिंग माझ्या हातात आहे. तुझा गुराखी आला की कुणाचीच पाळी नाही, मग कुणालाच तोंड नाही. उरेन मी एक बिनलग्नाची म्हातारी, जिला तुझी संस्था वर्षातून एकदा कशी आहेस म्हणून विचारील आणि चौकोनात खूण करील.

तुझ्या बापाचं घर नऊ वर्षं पाळीत नाही. म्हणून तू परक्या बाईसारखी पायरीवरून बोललीस. त्याच्या शेळ्यांच्या पिल्लांची पिल्लं मी वागवतेय, कानाला अजून त्याचीच खूण करते. घराची किल्ली माझ्याकडे आहे. नाताळला ये, दोन दिवस शेळ्या ने, मग आमच्यात उभी राहा आणि कुठलं घर येतं असं विचार. हिंमत असेल तर.

तुझ्या वाटेकडे मी डोळे लावून बसलेली नाही.
झुलमिरा

प्रशिक्षण केंद्र, फिनलंड
१९ जानेवारी १९९८

ती. झुलमिरा आत्यास,
सा. न. वि. वि. सुखरूप पोहोचले, टाचांवर फोड घेऊन. तुझे बूट चावतात. तूही तशीच आहेस. दोन दिवसांच्या शिदोरीत कोरडी भाकरी दिलीस, चीजचा तुकडासुद्धा नाही. अदेलिनो मला ऐकू जाईल असं म्हणाला की युरोपची साहेबीण शेळ्यांनाही आधी हात वर करायला लावील.

आलेच होते, म्हणून सभेत नीट विचारलं की गुराख्यासाठी कुठलं घर येतं. सगळ्यात आधी तुझी मान खाली गेली. मग बाकीच्या बावीस. मी नवा कागद केला. हजर घरं तेवीस, आलेलं घर एकही नाही. जुना रद्द केला आणि इथे वर्गात उभं राहून दोन्ही वाचून दाखवले.

बिर्गिटने विचारलं की तोंडाने कुणी नाही म्हणालं होतं का. मी म्हटलं, आमच्याकडे तोंडाने म्हणत नाहीत. वर्ग हसला. त्या म्हणाल्या की तुला गावाला पुढे न्यायला पाठवलं होतं, गावानेच तुला ओढून नेलं. प्रमाणपत्र मिळणार नाही. नोकरीचं संस्था ईस्टरपर्यंत ठरवील.

जिंकलीस तू. शेळ्या तुझ्या, डोंगर तुझा. आणि गुडघाही तुझाच. माडीच्या पायऱ्या तू उलट्या तोंडाने उतरतेस हे मी खिडकीतून पाहिलं आणि बोलले नाही. बघ, मलाही मौन येतं.

इतकंच. लोभ शिल्लक असला तर राहू दे.
सेलिया

विलार दे कोर्सा
८ फेब्रुवारी १९९८

चि. सेलियास,
आशीर्वाद. या वेळी मोजलेले नाहीत.

गुरुवारी माझी पाळी होती. शेळ्या वेळेवर परतल्या. मी परतले नाही.

घाबरू नकोस, मेलेल्या बाया पत्रं लिहीत नाहीत. अदेलिनो बैलगाडी घेऊन वर आला आणि सगळ्या वाटेने ओरडत होता की बैलसुद्धा तुझ्याहून हलका, आणि कमी बोलतो. गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय. डॉक्टर म्हणतो की डोंगर विसरा.

पुढची पाळी ५ मार्चला. ती चुकली की माझं तोंड गेलं आणि शिंगही गेलं. अदेलिनो माझ्याऐवजी जाईल, पण मग मत त्याचं होईल, अशीच रीत आहे. ती बदलायची तर सभेत कुणीतरी विचारायला हवं. स्वतःसाठी इथे कुणी विचारत नाही, त्यापेक्षा मी उलट्या तोंडाने डोंगर चढेन. आणि तू मोजलेल्या अकरांतल्या बाकीच्या दहा घरांत माझ्यासारखीच माणसं आहेत. तीही विचारणार नाहीत.

तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा गुराख्याचं. तुझ्या बिर्गिटने गावाला काय द्यायचं ते शिकवलं असेल, गावाचं काय दुखतं ते शिकवलं नाही. हे विचार: झुलमिराची पाळी कुठलं घर नेतं, आणि तरी मत झुलमिराचंच राहतं? यावर किती माना खाली जातात ते मलाही माहीत नाही. कदाचित सगळ्या जातील. पण विचारणारं घर हवं, आणि तुझ्या बापाचं घर नाताळापासून पाळीत आहे.

१ मार्चला, रविवारी, शिंग फुंकते. छाती अजून शाबूत आहे. नोकरी असो की जावो, ये. वही आणू नकोस.

सॉसेज पाठवलंय. लोभ आहे, होताच.
झुलमिरा

फिनलंड
१७ फेब्रुवारी १९९८

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. सॉसेज पोहोचलं. हरकत आहे, फार थोडं होतं.

शनिवारी संध्याकाळच्या बसने उतरते. प्रश्न तू लिहिलास तसाच विचारीन, शब्द बदलणार नाही. बावीस घरं काय करतील ते मलाही माहीत नाही. एका घराचं उत्तर मात्र आत्ताच कळवते, म्हणजे शिंग फुंकताना तुझा दम अडखळायला नको.

आमचं घर येतं. दोन पाय घेऊन येतं, आणि या वेळी स्वतःचे बूट.

अमांदिओच्या घरची,
सेलिया