हात पुढे जात नाही

२४ फेब्रुवारी, सोमवार

पोरगा पळतो. काय पळतो! आणि म्हणूनच मला राग आला.

खो-खोच्या लीगमधल्या एका टीमनं आपल्या भागातली कॉलेजची पोरं पारखायचं काम माझ्यावर टाकलंय. शाळेत पी.टी.चा मास्तर म्हणून शिट्टी फुंकता फुंकता केस पिकले. आता कुठं कोणाला तरी आठवलं की घाटंजीत मारोतराव नावाचा एक गडी होता आणि त्याच्या पाठीला हात लावणं भल्याभल्यांना जमत नसे. मॅनेजर फोनवर म्हणाला, "सर, तुमचा शब्द शेवटचा." हे बायकोला दोनदा ऐकवलं. तिनं विचारलं, भाजी कोणती करू?

आज कॉलेजच्या मैदानावर सगळ्यांना पाहिलं. नयन — पोट सुटलंय, त्याला अंपायर करा. ऋतिक — खुंटाला वळसा घालायला ट्रॅक्टरएवढी जागा लागते. बाकीची पोरं आईवडिलांना आवडत असतील, मला नाही. राहिला शाम. तांड्यावरचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. खो मिळाला रे मिळाला की सुटतो. हात लांब. पुढच्याच्या पाठीवर त्याचा पंजा पडतो तो आवाज रस्त्यावर ऐकू येतो.

दोष सापडला नाही. सापडेल! बिनदोषाचा गडी मी आजवर एकच पाहिलाय, आणि तो आता ही वही लिहितो आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

भर दुपारी बोलावलं त्याला. बाजारात गोऱ्हा बघतात तसं चालवून, पळवून, वळवून पाहिलं. पाणी मागितलं. दिलं नाही. म्हटलं, लीगमध्ये तुझी माय येणार आहे का तांब्या घेऊन? हसला. पुन्हा पळवला. शेवटी कुंपणापाशी जाऊन ओकला, तोंड पुसलं आणि परत येऊन रेषेवर उभा!

असल्या पोरांचा मला तिटकारा आहे. रडला असता तर बरं वाटलं असतं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. साबुदाण्यानं पोट धरलं. शामला सुट्टी दिली नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

तांड्यावर जाऊन आलो. घरची माणसं बघून पोराचा दम कळतो असं मॅनेजरला सांगितलंय, म्हणून.

बाप ऊसतोडीला सांगलीकडं. घरी आई — सुखीबाई. चहात साखर एवढी की चमचा उभा राहावा. भिंतीवर माझा फोटो! पेपरातून कापलेला, धुरानं पिवळा झालेला. म्हणाली, "याच्या बापानं लावलता सर. हा लहान व्हता तवा त्याले दाखवे — पाह्य, गडी असा असते." फोटोतल्या माझ्या मांड्या बघत बसलो. काय मांड्या होत्या!

नंतर ती हळूच म्हणाली, "याले घेतलं त बरं होईन सर. नाही त येत्या सालापासून हाही बापासंग टोळीत जाईन. कोयता हाती आला का मंग कायचा खेळ अन् कायचं कॉलेज?"

मी म्हटलं, "नुसत्या पळण्यानं काय होते बाई? कुत्रंही पळते."

तिनं हसल्यासारखं केलं. शाम खाली बघत होता. परतताना गाडीवर मला फार हलकं वाटत होतं, का ते माहीत नाही.

१ मार्च, शनिवार

ठरवलं. उद्या मी स्वतः उतरणार. त्यानं माझा पाठलाग करायचा. हीच खरी परीक्षा! बायको म्हणाली, "जिना चढताना कण्हता, अन् मैदानात पळता?" बायकांना खेळातलं काही कळत नाही.

२ मार्च, रविवार

गर्दी झाली. चहावाल्या विठ्ठलरावानं दुकान पोरावर सोपवून पुढची जागा धरली. आमची लेक प्रेरणा होळीच्या आधी येणारच होती, तरी खास यवतमाळच्या होस्टेलवरून आली आणि माझ्याच मोबाइलवर व्हिडिओ काढला.

सुरुवातीला शामला मैदानाच्या मधोमध बोलावलं. सगळ्यांदेखत म्हटलं, "आधी पाया पड." पोरं खिदळली. तो वाकला. नुसता वाकला नाही, कपाळ माझ्या बुटाला टेकवलं. मग नियम सांगितला — बाकीच्यांनी नुसते खो द्यायचे, मला बाद करायचं ते फक्त शामनं.

आणि पळालो! अख्खा डाव पळालो! एकदाही पाठीला हात लागला नाही! येत होता जवळ, मानेवर श्वास लागत होता त्याचा. पण शेवटच्या वितीला हात आखडायचा. दर वेळी! सापडला दोष. एवढे दिवस लपवून ठेवला होता लेकानं.

टाळ्या, शिट्ट्या. विठ्ठलराव तर उड्या मारत होता. प्रेरणानं गळ्यात हात टाकले. म्हणाली, पुढच्या रविवारी आली की व्हिडिओ सगळ्यांना पाठवून देते, तुम्हाला ते जमणार नाही. इतक्या वर्षांत इतकं सुख झालं नव्हतं. खरंच सांगतो.

३ मार्च, सोमवार

अहवाल पाठवला. "वेग भरपूर. पण ऐन बाद करायच्या वेळी कच खातो. हात पुढे जात नाही. घेऊ नये."

"घेऊ नये" मोठ्यानं वाचून पाहिलं. बरं वाटलं. गुडघा भोपळ्याएवढा सुजलाय.

५ मार्च, बुधवार

बाजारात गेलो. जो तो हात जोडतो. "मास्तर, काय पळाले तुम्ही!" वांगीवाल्यानंसुद्धा दोन वांगी जास्त टाकली.

६ मार्च, गुरुवार

शाम घरी आला होता. त्याला कळलंय. दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

"सर, माह्यं काय चुकलं?"

समजावून सांगितलं. चवीनं सांगितलं, खोटं कशाला बोलू. वेग देवानं दिला, पण काळीज द्यायला विसरला. असा गडी ऐन वेळी टीमला बुडवतो. म्हटलं, "एवढा जवळ येत होतास, मग हात काहून आखडला?"

मग म्हणाला, "सर, तुमीच पाया पडाले लावलं ना. पाया पडल्यावर पाठीत हात कसा हाणू? आमच्यात नाही हाणत."

थापा! हरलेली पोरं असल्याच थापा मारतात. म्हटलं, बहाणे सांगू नको, कोयत्याला धार लावून ठेव. खरं तर कोयत्याचं बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं, आणि गेलं ते गेलं.

तरी जाताना पुन्हा पाया पडला. मी पाय मागे घेत होतो तोवर त्याचे हात पोचले होते.

८ मार्च, शनिवार

मॅनेजरचा फोन. म्हणे, तुमच्या शब्दावर पोराला सोडलाच असता, पण त्याचा वेग ऐकून इथं दोघंजण अडून बसलेत. तुम्ही पळालात त्याचा व्हिडिओ आहे ना? तेवढा पाठवा. तोच बघून ठरवू. उद्या संध्याकाळी यादी बंद.

अभिमानानं हो म्हटलं. पाठवण्याआधी एकदा बघावा म्हणून लावला.

एक जाडा माणूस मैदानात तुरुतुरु चालतोय. शर्ट बाहेर आलेला. मला वाटलं, कोणीतरी मध्येच आडवा गेला असेल. तो मीच होतो. पळत नव्हतो! मागे शाम. तो पावलं आवरत होता, मोजून टाकत होता, माझ्या पुढे निघून जाऊ नये म्हणून. हात पुढे येतो, माझ्या पाठीवर उघडतो आणि परत जातो. पुन्हा येतो, पुन्हा जातो. खुंटापाशी मी अडखळलो, तर तोच हात माझ्या काखेखाली — न लागता! पडलो तर झेलायला.

आणि विठ्ठलरावाचा आवाज, अगदी जवळून: "राहू दे बे शाम, मास्तरले पळू दे!" मग हशा. ज्या टाळ्या मी सहा दिवस उशाशी घेऊन झोपलो, त्या टाळ्या वाजवत माणसं हसत होती. बाजारातले नमस्कार आठवले. वांगी आठवली.

पुन्हा लावला. पुन्हा तेच.

आंधळ्यालाही दिसेल पोरगा काय आहे. मॅनेजरनं हा एकदा बघितला की शाम आत. आणि मी?

९ मार्च, रविवार

मॅनेजरला कळवलं, व्हिडिओ काही निघाला नाही, अहवाल आहे तोच ठेवा. "ठीक आहे सर, तुमचा शब्द शेवटचा."

प्रेरणा आली. आल्या आल्या माझा मोबाइल घेऊन शोधत बसली. म्हटलं, जागा भरली होती, त्यात पुसला गेला.

"अरेरे बाबा! किती मस्त पळालते तुम्ही!"