गुरुजींची धाकटी मुलगी

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मनातल्या मनात तुमच्याशी भांडल्याशिवाय माझा आठवडा जात नाही. म्हणून आज शेवटी कागद घेतला. बापाला गुरुजी म्हणायची सवय तुम्हीच लावली. पहिलीला तुमच्याच वर्गात बसवलं तेव्हा म्हणालात, शाळेत मी तुझा बाप नाही. पुढं घरीही तेच तोंडात बसलं आणि तुम्हाला ते आवडलं, हे मला माहीत आहे. आपल्या साखऱ्याच्या आसपासच्या चार-पाच गावांत तुम्हाला नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. लोक म्हणायचे, गुरुजींनी हात लावला तर दगड बी बाराखडी म्हणंल. मी आज तुमच्याबद्दल चांगलं काही लिहिणार नाही. चांगलं बोलणारे तुम्हाला जिवंतपणी भरपूर मिळाले.

धाकटी जन्मली तेव्हा मी पाच वर्षांची होते. माय दोन दिवस अडली होती. लेकरू बाहेर आलं ते रडलंच नाही. सुईणीनं पाठ चोळली, तळपायाला टिचक्या मारल्या, तेव्हा कुठं बारीक आवाज निघाला. वर्षाची झाली तरी मान धरेना, दोन वर्षांची झाली तरी बसेना, आणि मग झटके सुरू झाले. डोळे वर, हातपाय ताठ, तोंडाला फेस. एकदा बैठकीत पाहुणे असताना तिला झटका आला. पाहुणे गेल्यावर तुम्ही तिची गोधडी उचलली आणि मागच्या खोलीत नेऊन टाकली, हळदीची पोती ठेवायचो त्या खोलीत. तिथं एक झरोका होता, बाकी अंधार. त्या दिवसापासून अंगणात कुणाची चप्पल वाजली की तुम्ही उठायचात आणि त्या खोलीची कडी लावायचात. बोलता बोलता, पाहुण्याला या बसा म्हणत म्हणत. दिव्याचं बटण दाबावं इतक्या सहज.

माय तिला आडवं ठेवूनच दूधभात भरवायची आणि घासाघासाला धाकटीला ठसका लागायचा. कधी नाकातून दूध यायचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. एक दिवस भिंतीला टेकून बसले, तिला मांडीत घेतलं, तिची पाठ माझ्या छातीला लावली, हनुवटी थोडी खाली धरली आणि बोटानं कुस्करलेला भात चमच्याच्या टोकावर घेऊन जिभेवर ठेवला. मग थांबले. ती गिळेपर्यंत दुसरा घास नाही. ठसका आला नाही. सगळी वाटी संपायला घंटाभर लागला, पण संपली. माय दारात उभी राहून बघत होती, पदर तोंडाला लावून. पुढं नर्सिंगच्या वर्गात बाईंनी बाहुली मांडीवर घेऊन नेमकं हेच शिकवलं. सगळ्या पोरी वहीत लिहून घेत होत्या. मी पेन उघडलं नाही.

चौथीत तुम्ही आम्हाला निबंध दिला होता, माझे कुटुंब. मी लिहिलं, आमच्या घरी चार माणसे आहेत. धाकटीबद्दल पाच ओळी लिहिल्या, तिला गूळ आवडतो, ती कावळ्याच्या आवाजाला हसते, असं काहीबाही. तुम्ही वह्या तपासून आणल्या. माझ्या वहीत लाल पेनानं ‘चार’ खोडून ‘तीन’ केलेलं होतं आणि त्या पाच ओळींवर एक सरळ तिरपी रेघ. शुद्धलेखनाची चूक नव्हती एकही. मी वर्गात उभी राहून विचारलं, “गुरुजी, हे काहून खोडलं?” तुम्ही फळ्याकडं तोंड केलं आणि म्हणालात, “खाली बस. विचारल्याशिवाय बोलायचं नाही.” घरी आल्यावरही त्याबद्दल शब्द नाही. त्या दिवशी मी तुम्हाला बाप म्हणून सोडून दिलं. तुम्हाला पत्ता लागला नाही, कारण मी गुरुजी म्हणत राहिले.

हिंगोलीला एकदा मोठ्या डॉक्टरांचं शिबिर लागलं होतं, अशाच लेकरांसाठी. तेव्हा आपला जिल्हा परभणी होता, डॉक्टर बाहेरून यायचे. मायनं कुठून तरी ऐकलं आणि तुमच्यापुढं उभी राहिली. “एकडाव दाखवून तं आणू लेकराला. म्या नेते, तुमी नका येऊ.”

“साऱ्या एसटीला तमाशा दाखवायचाय का?” तुम्ही पेपर खाली न ठेवता म्हणालात. “अशी लेकरं फार दिवस काढत नाहीत. देवानं नेईपर्यंत सांभाळ.”

देवानं नेलं नाही, गुरुजी. तिला मी नेलं, पण त्याला आणखी आठ वर्षं गेली. त्या आठ वर्षांत तिचे पाय आखडून कात्रीसारखे एकमेकांवर चढले. कंबरेच्या हाडावर जखम झाली आणि त्या जखमेचा वास हळदीच्या वासात मिसळला. मी नर्सिंगला लागले आणि पहिल्याच सुट्टीत तिला चादरीत गुंडाळून, खांद्यावर टाकून नांदेडला दाखवलं. तुम्ही शाळेत होतात. डॉक्टरांनी तिचे गुडघे हातानं सोडवून बघितले, सुटेनात. मग त्यांनी मला विचारलं, “हिला इतके दिवस कुठं ठेवलं होतं?” मी म्हणाले, घरीच. ते म्हणाले, “दोन-तीन वर्षांची असताना आणली असती, व्यायाम सुरू केला असता, तर आधारानं बसली असती. कदाचित दोन-चार शब्दही बोलली असती.” ते वाक्य मी घेऊन आले आणि जपून ठेवलं. गोळ्यांनी तिचे झटके महिन्याभरात कमी झाले. रोज दोन-तीन यायचे, ते महिन्यातून एखादा. अकरा-बारा वर्षं त्या पोरीनं रोज जे भोगलं, त्याला एक साधी गोळी होती.

हिंगोलीला नोकरी लागल्यावर मी दवाखान्याजवळ वरच्या मजल्यावर खोली घेतली आणि तिला घेऊन आले. तुम्ही अडवलं नाही. अडवायचं कशाला, घर मोकळंच झालं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला हवा लागू द्यायची, सकाळ-संध्याकाळ गुडघे आणि घोटे हळूहळू ताणायचे, ती किंचाळली की थांबायचं, पुन्हा धरायचं. मी ड्यूटीवर असताना तिच्याजवळ जवळा बाजारकडच्या एका तांड्यावरची बाई बसायची. तिची स्वतःची लेक अशीच होती, तिला घेऊन ती आमच्या वॉर्डात आली होती आणि मग हिंगोलीतच राहिली. तिला मी एकदा मागच्या खोलीची गोष्ट सांगितली. तिनं हातातलं काम टाकलं. म्हणाली, “माहा मालक अंगठा लावतो बाई. पर लेकीला पाठीवर बांधून दर बाजाराला नेत व्हता. लोक इचारायचे, काय झालं हिला? तो म्हणायचा, काई न्हाई, माही लेक हाय. तुहा बाप तं शिकवून राहिला ना लोकायच्या लेकरायला?” तिच्या त्या बोलण्यानं माझ्या आत जे थंड पडत चाललं होतं ते पुन्हा पेटलं.

मग तुमच्या निवृत्तीची पत्रिका आली. छापील, तुमच्या फोटोसकट. सेवापूर्ती सोहळा. मायनं शेजाऱ्याच्या हाती निरोपही धाडला होता, तू ये, ते वाट पाहून राहिले. मी धाकटीला पिवळा नवा ड्रेस शिवला, केस विंचरून दोन वेण्या घातल्या, व्हीलचेअर जीपच्या टपावर बांधली आणि निघाले.

शाळेच्या मैदानात मांडव. तुम्ही मधल्या खुर्चीवर, गळ्यात हार, अंगावर शाल. सरपंच बोलतायत, गुरुजींनी गावातलं प्रत्येक लेकरू आपलं मानलं. मी मधल्या वाटेनं खुर्ची ढकलत येते आहे आणि एकेक मान वळते आहे. तुम्ही मला बघितलं, मग खुर्चीकडं बघितलं, मग हारातली फुलं सारखी करायला लागलात. मी पहिल्या रांगेत थांबले. लाउडस्पीकरचा आवाज धाकटीला आवडला, ती मोठ्यानं हसली. सरपंच थांबले. माइकवरच तुम्हाला विचारलं, “गुरुजी, ही पोरगी कोण हो?”

सगळा मांडव तुमच्याकडं बघत होता. तुम्हाला एक शब्द पुरेसा होता. तुम्ही माइक हातात घेतलात आणि म्हणालात, “आमची मोठी नर्स आहे ना. तिची पेशंट आहे ही, दवाखान्यातली.”

मी तोंड उघडायच्या आत बायकांच्या बाजूनं माय उठली. आयुष्यात चार माणसांत न बोललेली बाई. “पेशंट न्हाई,” ती म्हणाली, आणि तिला माइकची गरज पडली नाही. “माही लेक हाय. म्या पैदा केली. अन् ह्येंची बी हाय.” ती खाली बसली नाही, तशीच उभी राहिली. मागची माणसं हळूच उठून जायला लागली. तुमचं भाषण खिशातच राहिलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला फार आनंद झाला.

जीपपाशी आल्यावर धाकटीला झटका आला. खूप दिवसांनी, आणि मोठा. मी तिला खाली मातीवर घेतलं, कुशीवर वळवलं, ओढणी मानेखाली दिली, फेस पुसला, घड्याळ बघत बसले. पाच मिनिटं सरली तरी थांबेना. ओठ निळे पडले. तुम्ही मांडवातून बाहेर आला होतात, दहा पावलांवर उभे, गळ्यात हार तसाच. अखेर तिचं अंग सैल पडलं, श्वास लागला. मी मान वर करून तुम्हाला म्हणाले, “बघा. तुमच्या त्या एका शब्दानं झालं हे. तिला सगळं कळतं, गुरुजी. असा धक्का बसला की झटका येतो.”

“खरंच?” तुम्ही विचारलं.

“मी नर्स आहे. मला विचारताय?”

तुम्ही ते खरं मानलं. शिकलेल्या माणसाचा शब्द तुम्ही आयुष्यभर खरा मानत आलात. त्यानंतर तुम्ही पारावर जाऊन बसणं सोडलं. दर दोन-चार दिवसांनी मायला एसटीडी बूथवर फोन करायला पाठवायचात. माय मला विचारायची, “ह्ये इचारून राहिले, आला का पुन्हा?” मी कधी न आलेलाही सांगितला. वर्षभरानं तुम्ही एकटे हिंगोलीला आलात. जिन्याच्या खाली उभे, हातात गुळाची ढेप, कागदात बांधलेली. वरून बघितलं तर इस्त्री नव्हती शर्टाला. तुम्ही म्हणालात, “येऊ का वर? लांबूनच बघतो.” मी म्हणाले, “नको. तुम्हाला बघितलं की पुन्हा येईल तिला.” तुम्ही ढेप पायरीवर ठेवली आणि बसस्टँडकडं निघून गेलात. मी हाक मारली नाही. त्यानंतर दोन वर्षांनी तुमचं छातीचं दुखणं निघालं आणि तुम्ही गेलात. धाकटीला मी मातीला आणलं नाही. लोकांनी विचारलं, मी सांगितलं, ती दवाखान्यातली पेशंट आहे, तिला कशाला आणायचं.

ती अजून आहे. पलीकडच्या खोलीत आहे, खिडकी उघडी आहे. माय आता आमच्याकडंच असते, तिचे केस विंचरते. वॉर्डात नवी आई आली, की मी सगळ्यात आधी एकच गोष्ट बजावते, झटक्याची गोळी एकही चुकवायची नाही, काही झालं तरी नाही. चुकवली म्हणून एखाद्या बाईवर मी असं ओरडते की सारा वॉर्ड गप्प होतो.

त्या सोहळ्याच्या दिवशी सकाळची आणि दुपारची, दोन्ही गोळ्या मी तिला दिल्या नव्हत्या. गोळीनं तिला गुंगी यायची, मान छातीवर पडायची, आणि मला ती तुमच्यासमोर टक्क जागी हवी होती. झटका त्यानंच आला. तुमच्या शब्दानं नाही. मी तुमची माफी मागत नाही, गुरुजी. पण हे मी अजून मायलाही सांगितलेलं नाही.