माझ्या देखरेखीखालचा पालक

५ जून, सोमवार
शाळेमागच्या पडीक जागेत भाजीची बाग करायचं ठरलं. भाजी मुलांच्या दुपारच्या जेवणात, उरलेली मागच्या वस्तीला. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, जबाबदारी कोण घेणार? सगळा स्टाफ एकदम वह्या तपासायला लागला. मी हात वर केला. भूगोल शिकवतो, मातीचे प्रकार तोंडपाठ आहेत. आणखी काय लागतं?
संकल्प: रोज पहाटे उठून बागेत जाणे.

६ जून
उठलो नाही. जमिनीलाही विश्रांती हवी.

१० जून
मुलांनी वाफे केले. खूप हसत होती. हसत केलेल्या कामावर माझा विश्वास नाही. फाटकाला कुलूप घातलं आणि पाटी स्वतः रंगवली: ‘शालेय बाग. विद्यार्थ्यांना प्रवेश नाही.’ अक्षर झकास आलंय. बाईंनी पाटी दोनदा वाचली. आवडली असावी.

१९ जून
पालक, टोमॅटो, काकडी लावली. मागच्या वस्तीतले शिंपीकाका कुंपणावरून म्हणाले, घरोघरचा भाजीचा कचरा आणून देऊ का, खत होईल. नम्रपणे नको म्हटलं. आमची सिस्टिम आहे. (सिस्टिम ठरवणे.)

२८ जून
पालक पिवळा. जातच तशी असेल. पाणी वाढवलं.
सौ. बघायला आली. म्हणाली, अहो, ही भाजी बुडतेय. मी सांगितलं, पाण्याने मुळं खोल जातात. ती म्हणाली, मुळांबरोबर पानंही खोल निघालीत. तिला शास्त्राची आवड नाही.

४ जुलै, स्टाफ मीटिंगनंतर
एक ऑगस्टपासून जेवणाची सगळी पालेभाजी बागेतून देतो, असं बोलून गेलो. टाळ्या पडल्या. मावशी, म्हणजे शाळेचं जेवण रांधणाऱ्या, म्हणाल्या, भाजीवाल्याला नको म्हणून सांगू? अख्ख्या शाळेला पुरेल? मी म्हटलं, सुरुवातीला अख्ख्या शाळेला.

५ जुलै
कालच्या टाळ्यांच्या भरात दोन भरलेल्या झाऱ्या एकदम उचलल्या. कंबरेत कट्‌ झालं. डॉक्टर म्हणतात, महिना-दीड महिना पडून राहा. बागेची किल्ली उशाशी आहे, तेवढाच धीर.

१२ जुलै, पलंगावरून
बाईंना फोन करून सूचना दिल्या. किल्ली कुणाहाती पाठवू, विचारलं. म्हणाल्या, राहू दे, फाटकच काढलंय. पाटीचं विचारलं नाही.

१ ऑगस्ट
आज वचनाचा दिवस. भाजीवाला बंद, बागेत चिखल, पोरं काय कोरडं जेवणार? सौ.ला शाळेत पाठवलं. ती येऊन म्हणाली, मावशींनी शिंपीकाकांच्या कानावर घातलं होतं. वस्तीतल्या बायकांनी घरच्या भाजीतून मूठ-मूठ आणून दिली. पोरं जेवली.
मी म्हटलं, बघ, बागेमुळे समाज जोडला जातो. तिने बाहेर जाऊन भांडी जरा जोरात लावली.

९ ऑगस्ट
सौ. हल्ली रोजच जाते. म्हणे माझी रोपं कधीच उपटली. वाफे उंच केले, वस्तीतल्या कचऱ्याचं खत घातलं, मुलांनी नवा पालक लावला. तो हिरवागार आहे. पाया माझाच.

१८ ऑगस्ट
आता चालता येतं. सोमवारपासून कार्यभार स्वीकारतो, असं बाईंना कळवलं. त्या घाईघाईने म्हणाल्या, कंबर नाजूक असते सर, अजून आराम करा. मी विचारलं, माझ्या जागी कोण बघतंय? म्हणाल्या, तसं कुणी एक नाही. मी म्हटलं, मग कसं चाललंय? त्या म्हणाल्या, चांगलं चाललंय.

१९ ऑगस्ट
संध्याकाळी दारात पालकाची जुडी. वर्गातल्या दोन मुली घेऊन आल्या होत्या. शाळेला पुरून उरलेली भाजी आधी आजारी माणसांच्या घरी द्यायची, असं मुलांनी ठरवलंय. त्यांत मी बसतो. थँक यू म्हटलं. त्या म्हणाल्या, सर, धुऊन घ्या हं.
सौ.ने भाजी केली. विचारलं, कसा झालाय? मी म्हटलं, मीठ कमी आहे.
मीठ बरोबर होतं.