शांताबाईच्या नावापुढचा शेरा

मी, नलिनी गुणाजी राऊळ, वय ७६, राहणार घाटकोपर पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले, डोकं ठिकाणावर आहे. कोणी शिकवलेलं नाही. मला शिकवायला आलेल्यांचं काय झालं ते वस्तीला ठाऊक आहे.

१. राहती खोली मुलगा सुयोग व सून जान्हवी यांना समान हिश्श्याने. जान्हवीचं नाव कागदावर लागलंच पाहिजे. सुयोग, "आई, घरातल्या घरात कशाला?" असं म्हणू नकोस. चाळीस वर्षं मी दारोदार हेच सांगत आले.

२. बँकेतली ठेव व बोरमाळ नात अक्षता हिला.

३. धाकटे दीर धोंडू भावोजी यांना महिला मतदार मंडळाची घडीची खुर्ची. मंडळ काढलं तेव्हा, "बायका नवऱ्याला विचारूनच मत देणार, मंडळ कशाला?" असं ते भर चाळीत म्हणाले होते. आता निवांत बसून विचार करावा.

४. मंडळाची वही शीतल साळवे हिला. वहीत वस्तीतल्या दोनशे अकरा बायकांची नावं आहेत. मतदानाच्या सकाळी सातला पाण्याच्या टाकीपाशी आम्ही ती मोठ्याने वाचायचो. जिचं नाव तिने 'आहे' म्हणायचं, मग सगळ्यांनी मिळून केंद्रावर जायचं. पहिलं नाव शीतलच्या आईचं, शांताबाई खंडू साळवे. मंडळ तिचंच, मी अक्षर बरं म्हणून लिहायला बसले.

मतदारयादी तपासायचं कामही आम्ही करायचो. तीन फेऱ्यांत कुलूप दिसलं तर 'स्थलांतरित' असा शेरा मारायचा, हा नियम शांतानेच केलेला. २०१९ च्या उन्हाळ्यात ती आजारी भावाजवळ जालन्याला गेली होती. मला ते माहीत होतं. पण जाण्याआधी अध्यक्षपदावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. तिसऱ्या फेरीनंतर मी वहीत शेरा मारला आणि नाव वगळण्याच्या अर्जावर सही केली. नियम म्हणून केलं, असं स्वतःला सांगितलं. केलं रागाने.

ऑक्टोबरात, केंद्राबाहेरच्या टेबलावर, यादीत तिचं नाव सापडेना. "नलू, नीट बघ ना गं, दुसऱ्या पानावर गेलं असेल." मी पानं उलटत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "जाऊ दे. तू बाकीच्यांना घेऊन जा, उशीर होतोय." दिवसभर ती इतरांच्या चिठ्ठ्या लिहीत बसली. पुढे नाव पुन्हा नोंदवलं, पण निवडणूक यायच्या आत, दोन वर्षांनी, ती गेली. शेवटपर्यंत यादी करणाऱ्यांना दोष देत होती आणि मी मान डोलवत होते. याची मला फार लाज वाटते.

शीतल, तो शेरा तुझ्या हाताने खोड. पुढच्या मतदानाला, मंडळ काढणाऱ्यांपैकी उरलेल्या सहा जणींना टाकीपाशी बोलाव आणि पहिलं नाव वाच. 'आहे' कोणी म्हणायचं ते तू ठरव. माझं नाव वाचलं नाहीस तरी चालेल.

५. शीतलनेच साक्षीदार व्हावं असं मनात होतं. वकील म्हणाले, जिला काही द्यायचं तिची साक्ष घेऊ नये. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवते. ती रोज संध्याकाळी येऊन माझ्या गुडघ्यांना तेल लावते, म्हणते, "मावशी, आईनंतर तूच." तिची यायची वेळ झाली. साक्षीदारांनी सह्या लवकर कराव्यात.

नलिनी गुणाजी राऊळ (सही)

आमच्यादेखत सही केली:
१. रेवती किरण तांडेल (सही)
२. जयंती पुरुषोत्तम गोरे (सही)

घाटकोपर, दि. ४ ऑगस्ट २०२५