आईचा अंगठा

वायाकुंका,
१९ ऑगस्ट

प्रिय इलारियो,

तुझ्या तोमासाताईचा आशीर्वाद. पाठ कशी आहे तुझी? शेक घेतोस की आरेकिपासारख्या शहरात राहूनही टाळाटाळच? युदितच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? नोएमीचा खोकला गेला? आणि तुझा लेक वाल्तेर? खाणकंपनीच्या नोकरीत रुळला म्हणे. जपून राहा म्हणावं.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, मग मीही त्यांच्यावर कुरकुरते. थंडीनं कळपातल्या दोन अल्पाका गेल्या. बटाटे गोठवून वाळवलेत, युदितसाठी पिशवीभर काढून ठेवलेत.

आता कोर्टाचं. खाणीनं आपला झरा आटवला म्हणून गावानं कंपनीच्या देशात दावा लावला होता ना, तो तिथल्या न्यायाधीशांनी फेटाळला. का, तर गावानंच खाणीला संमती दिली होती म्हणे! वकील नेलिदाबाईंनी कंपनीनं दिलेला तो पुराव्याचा कागद सभेत फिरवला. वर संमतीचा मजकूर, खाली आपल्याच लोकांच्या सह्या नि अंगठे.

कासिमिरोदादा उसळलाच. "अरे, ही सही मी कालवा साफ करायच्या दिवशी केली! हजेरी मांडली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फावडं हातात देता तुम्ही."

"तुझ्या फावड्याला चिखल कधी लागला होता रे?" बायका खिदळल्या.

नेलिदाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शेजारच्या देशातल्या मोठ्या कोर्टानं नुकतंच सांगितलंय, हजेरी म्हणजे संमती नव्हे. त्या निकालाचा आधार घेऊन अपील करू. पण हे हजेरीचंच पान आहे, हे दाखवायला हवं. हजेरीचं बुक कुठंय?"

"हरवलं. ते सांभाळणाऱ्या इलारियोनंच सांगितलं होतं," दादा म्हणाला.

कागद तेव्हा माझ्याच हातात होता. तिसऱ्या ओळीत एक अंगठा आहे, मधोमध तिरका चिरलेला. आईला विळा लागला होता, आठवतं? तूच पाला बांधला होतास.

कंपनीची पहिली गाडी आली तेव्हा आईला मातीत ठेवून दोन वर्षं झाली होती. कागदावरची तारीख त्याही नंतरची आहे. मेलेल्या बाईनं संमती दिली, इलारियो! सह्यांच्या गर्दीत तुला तो अंगठा दिसलाच नसेल. मला तोच आधी दिसला.

एवढं एक मी बोलले तर गावाचं अपील टिकेल. पण मग पुढचा प्रश्न येईल, ते बुक कोणाकडे होतं?

बुक हरवल्यावर लगेच वाल्तेरला नोकरी कशी लागली, हे मी कधी विचारलं नाही. पोरगा हुशार आहे, असं गावभर सांगत फिरले. मी शाळेची पायरी चढले नाही. तुझ्या वहीत बघून बघून अक्षरं गिरवली. आज त्याच अक्षरांत तुला हे लिहावं लागतंय. राग आहेच. पण रागापेक्षा लाज जास्त आहे, आणि ती तुझ्या वाट्याची मी एकटीच सोसतेय. आता मंगळवारी टँकर येतो. बायका बादल्यांवरून भांडतात, आणि मला कोणाच्या डोळ्यांत बघवत नाही.

तीन सप्टेंबरला नेलिदाबाई माझा जबाब घ्यायला येणार आहेत. मी खोटं बोलणार नाही. पण तुझं नाव माझ्या तोंडून निघण्याआधी तू स्वतः येऊन सांगावंस, एवढंच मागणं आहे. यायला पाय धजत नसतील तर निदान लिही. लवकर लिही, बाळा. टपाल गुरुवारीच येतं, आणि तोवर दोनच गुरुवार उरलेत.

अजूनही तुझी ताई,
तोमासा