कोरड्यावर फुगलेली होडी

२ मार्च
आले एकदाची! शेडमध्ये राळेचा, तेलाचा आणि ताज्या भुश्श्याचा वास. माळ्यावर कॉट टाकली, स्टोव्ह मांडला. निवृत्त बाईने गुपचूप विणकाम करावं, अशी जगाची अपेक्षा. मी होडी दुरुस्त करणार आहे. माझ्या धाकट्या बहिणीची लाकडी होडी. देखणी आहे, आणि तिच्यासारखीच नाक वर करून उभी.

५ मार्च
रंग खरवडला. तळाची एक फळी पार कुजलेली. वर लांबीचा लगदा भरून चकचकीत रंग. हे काम मेहुण्याचं. त्याच फळीतून पाणी शिरलं आणि धाकटी केबिनमध्ये बुडाली. वर हे महाशय सांगत फिरले, की बिचारी वेंधळीच होती. वेंधळी! कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर तिच्या नीटनेटकेपणाचे दाखले देत. त्याच्याच तोंडून खरं वदवून घेईन, तेव्हाच मी शांत होईन.

११ मार्च
नवी फळी बसली. आता फटींत कापसाचा पीळ ठोकतेय. मदतीला ठेवलेला सुतार म्हणाला, बाई, सैल भरा; लाकूड पाणी पिऊन फुगतं, जागा नसली तर होडी स्वतःच्याच फासळ्या मोडते. एवढा राग कुणावर? म्हटलं, मेहुण्यावर. म्हणाला, मग ठोका. दोघंही हसलो. मी ठोकत राहिले.

१४ मार्च
होडी अजून ठोकळ्यांवर आहे, पाण्याचा थेंब लागलेला नाही. तरी फटी मिटल्यात. नखसुद्धा शिरत नाही. केबिनच्या भिंती आतून ओल्या, चव खारट. सुताराने हत्यारं गोळा केली. मावशी आजारी आहे म्हणाला. मागच्याच आठवड्यात सुट्टीसाठी त्याने तिला मारलं होतं.

१६ मार्च
मेहुण्याला फोन केला. मी गोड बोलले. होडी तयार आहे, तुमचीच समजा. लगेच येतो म्हणाला, ताई, ताई करत. केवढा तो जिव्हाळा!

१७ मार्च, सकाळ
आला. केबिनमध्ये वाकून शिरला. दार मिटलं. मी हात लावला नाही. चौकटीत फुगून घट्ट बसलंय. आत पाणी चढतंय म्हणून ओरडतोय. मी बाहेरून विचारलं, फळी कुजल्याचं ठाऊक होतं? म्हणाला, हो ताई, हो, होतं, कंटाळा केला, उघडा.
डेकवर बसून ऐकत राहिले. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

दुपार
आवाज बंद. फासळ्या करकरताहेत. मला कबुली हवी होती, प्रेत नको. धाकटीला म्हटलं, बाळ, पुरे आता, सोड त्याला. दार जरासं किलकिलं झालं. फटीत बोटं घालून ओढलं —

डावा हात अडकलाय. वही मांडीवर. फट मिटतेय, सावकाश —

अगं, मी आहे. तुझी ताई —

बोटं कळेनाशी झाली. आतून तिचा आवाज. हसतेय. म्हणतेय, पुरे कसलं, ताई, आत्ता तर कुठे —