पाचवीचा वर्ग आणि पाठमोऱ्या बाया

माय,

परवा लग्नात पुन्हा तोच विषय निघाला. पंगती उठल्या होत्या, बायका सुपारी कातरत बसल्या होत्या, आणि मोठ्या बाबांची नातसून, जिनं तुला कधी पाहिलंही नाही, हसत हसत मला म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या मायनं म्हणे भर शाळेत भासऱ्याले तोंड दाखोलं होतं." मी म्हटलं, "हो, दाखवलं थोरल्या दिराला तोंड. चांगलं केलं. पुढं विचार." लग्नघरात भांडू नये एवढी अक्कल मला आहे, पण त्या दिवशी ती घरी राहिली असावी. घरी आल्यावर वाटलं, सगळ्यांशी भांडून झालं, एकदा तुझ्याशीच भांडावं. कारण या गोष्टीत माझा सगळ्यात मोठा राग तुझ्यावरच आहे.

मी चौथी पास झाले तो उन्हाळा. आपला भाग नुकताच मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता आणि गावच्या शाळेला जोडून मिडल स्कूलचे वर्ग निघाले होते. वर पत्रे, खाली सारवलेली जमीन, तीन खोल्या. जागा मोठ्या बाबांनी दिली होती, त्यामुळे शाळेत त्यांचा शब्द चाले, आणि घरात तर चालतच होता. माझ्याबद्दल त्यांचं ठरलं होतं. चौथीपर्यंत शिकली, पुष्कळ झालं, पाचवीत पोरांच्या मांडीला मांडी लावून आपल्या घरची पोरगी बसणार नाही. बाबा आपल्या थोरल्या भावासमोर कधी मोठ्यानं खोकले नाहीत, ते यावर काय बोलणार? मी मात्र रोज संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर जाऊन खिडकीतून पाचवीचा वर्ग बघून यायची. रिकामा वर्ग. तरी बघायची.

मग नवे हेडमास्तर घरोघर फिरले. शहरातून आलेले, अंगानं बारीक, उन्हात चेहरा लाल झालेला. त्यांचं म्हणणं असं की चौथी पास झालेल्या पोरांच्या घरच्यांनी एक दिवस येऊन पाचवी, सहावी, सातवीचे वर्ग बघावेत, तिथं काय शिकवतात ते ऐकावं, आणि मग पोरांचं काय ते ठरवावं. नुसते बाप नकोत, आयाही हव्यात. बाबा हो-हो करत होते. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. दाराआडून तुझा आवाज आला, "तिथं बायाइले बसाले जागा हाये काय, गुरुजी?" गुरुजी म्हणाले, सतरंजी टाकतो. भाकरी थापायचा आवाज पुन्हा सुरू झाला, जरा जोरात. ते गेल्यावर बाबा तुला एवढंच म्हणाले, "जाय. पन तोंड उघडू नको."

त्या सकाळी तू केनवडच्या बाजारातून आणलेलं हिरवं लुगडं नेसलीस. माझ्या डोक्यावर इतकं तेल थापलंस की कानांमागून ओघळ आले. शाळेत अर्धं गाव जमलेलं. गुरुजींनी आधी सातवीच्या वर्गात नेलं, तिथला पृथ्वीचा गोल फिरवून दाखवला. कुणीतरी म्हातारा म्हणाला, "हे टरबूज इथं काहून टांगलं?" आणि सगळे हसले. गुरुजीही हसले. सहावीत काचेच्या पेल्यात ओल्या फडक्यावर मूग उगवत घातले होते. शेतकऱ्यांना मूग उगवलेला दाखवून त्यांना काय मिळालं कोण जाणे, पण तू वाकून मुळं बघितलीस. मी तुझ्या मागं होते, मला आठवतंय. आणि मग सगळ्यांना पाचवीच्या वर्गात बसवलं, कारण ती खोली मोठी होती.

तिथं गुरुजींची चूक झाली. शहरातल्या समारंभात पाहुण्यांना समोर बसवतात तशी त्यांनी मोठ्या बाबांच्या आणि गावातल्या चार थोर माणसांच्या खुर्च्या फळ्याला लागून मांडल्या, तोंड लोकांकडे. सतरंजी मागं, बायकांसाठी. बायका आत आल्या, समोर कुणाचा सासरा, कुणाचा भासरा, कुणाचा चुलतसासरा बसलेला पाहिला, आणि कुणी कुणाला काही न सांगता सगळ्या जणी भिंतीकडे तोंड करून, फळ्याकडे पाठ करून बसल्या. तूही बसलीस. गुरुजींच्या हातात खडू तसाच राहिला. ते हळूच म्हणाले, "मातांनो, जरा इकडे बघा, तुमच्यासाठीच हे आहे." तेव्हा कुणीतरी पाठीनंच उत्तर दिलं, "आमाले आयकू येते गुरुजी. तुमी सांगा."

तर गुरुजी सांगत राहिले. भूगोल काय, गणित काय, पुढं इंग्रजी कसं येईल. बिचाऱ्यांना खुर्च्या हलवा म्हणायची छाती होईना, कारण जागा कुणाची होती ते त्यांनाही माहीत होतं. शेवटी त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं. म्हणाले, ही चौथी झालेली मुलगी जिल्ह्याचा नकाशा काढील, पाचवीत गेली की सगळा देश काढील. मी काढायला लागले. अकोला वर, आपलं वाशीम खाली, पैनगंगेची रेघ ओढायला घेतली, आणि माझ्या बाजूलाच खुर्चीतून मोठे बाबा बोलले. "गुरुजी, पोरीच्या मायले इचारा का, काय समजलं तिले. तिनं त पाठीनं पायला तुमचा वर्ग." माणसं हसली. टरबुजाला हसली होती तशी नाही.

आणि तू वळलीस. हे मी किती जणांना सांगितलंय माय, माझ्या पोरांना, सुनांना, शाळेतल्या बाईंना, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही. सतरंजीवर हात टेकून तू आधी गुडघे फिरवलेस, मग खांदे, मग मान वर केलीस. पदर कपाळावरून मागं सरकला आणि तू तो सावरला नाहीस. मोठ्या बाबांकडे बघितलं नाहीस, खालीही बघितलं नाहीस. सरळ फळ्याकडे बघून म्हणालीस, "गुरुजी, फळा दिसते मले. माही पोरगी दिसते. तिले पाचवीत बसवा."

एवढंच. पण त्यावर मोठ्या बाबांना बोलताच येईना, आणि याचं मला आजही हसू येतं. भासऱ्यानं धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही, हाही त्यांचाच नियम. तो मोडल्याशिवाय तुला नाही म्हणता येत नव्हतं, आणि सगळ्या गावादेखत तो मोडायची हिंमत त्यांना झाली नाही. तुला होती. गुरुजींच्या आडून नाही म्हणावं, तर ते आधीच पटकन म्हणाले, "बसवतो, बसवतो," आणि मोठे बाबा उठून, उपरणं झटकून निघून गेले. खुर्ची रिकामी झाली तशा आणखी दोघी-तिघी जणी वळल्या. बाकीच्या नाही वळल्या. त्यांना दोष देत नाही.

आता माझा राग ऐक. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या घरासमोर तुला मोठ्या बाबांच्या पाया पडायला लावलं, आणि तू पडलीस. डोक्यावरून पदर हनुवटीपर्यंत ओढून, "चुकलं माह्यं" म्हणालीस. मी रडत, पाय आपटत ओरडले की मायचं काही चुकलं नाही, तर तूच मला ओढत आत नेलंस आणि पाठीत धपाटा घातलास. म्हणालीस, "पाया पडली त काय झालं मले? तू वर्गात बसून राह्यली ना? मंग चूप बस." पुढं मी सातवी झाले, अकोल्याला ट्रेनिंगला गेले, नोकरीला लागले, आणि तू प्रत्येक पाहुण्यासमोर म्हणत राहिलीस, पोरगी शिकली पण माह्यं त्या दिवशी चुकलंच. शेवटच्या आजारातही म्हणालीस. कुणासाठी म्हणत होतीस? मोठे बाबा तर तुझ्या आधी गेले होते. घरात ऐकायला मीच होते. म्हणून आज मी तुझी ती माफी परत घेते. तुला न विचारता घेते. तू मला शाळेत घालताना कुणाला विचारलं होतंस? तुझं चुकलं नव्हतं, आणि ते तुझ्या तोंडून ऐकायची मला जन्मभर आस होती, ती तू पुरवली नाहीस.

मी हेडमास्तरीण झाले तेव्हा दरवर्षी घरच्यांना वर्ग दाखवायचे. माझ्या शाळेत फळ्याशेजारी खुर्ची मांडली जात नसे. एका सरपंचांनी आपली स्वतः उचलून तिथं नेली, तर मी त्यांना म्हटलं, दादा, इथं फक्त शिकवणारा उभा राहतो, तुम्ही शिकवणार असाल तर खडू देते. ते चिडले, वर तक्रार केली, माझी बदली झाली. नव्या शाळेतही मी तेच केलं. घरातले म्हणतात, ही मायवर गेली. मी म्हणते, मायवर जायला माझ्यात तेवढं नाही, पण प्रयत्न चालू आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, पेटीत ठेवणार आहे, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तू वळलीस ते मी पाहिलेलं नाही. माझं तोंड फळ्याकडे होतं, हातात खडू होता, मी पैनगंगा काढत होते. मागं बांगड्या वाजल्या, हसू थांबलं, तुझा आवाज आला, आणि मी मान वळवली तेव्हा तू वळून झाली होतीस. आधी गुडघे की आधी खांदे, पदर सरकला की तूच मागं घेतलास, हे सगळं मी नंतर जुळवलं. तुला विचारायला हवं होतं. पण तू म्हणाली असतीस, चुकलं माह्यं, म्हणून मी कधी विचारलंच नाही.